पानशेतचं लग्न

माझ्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. त्यासाठी गेल्या आठवड्यात दादाकडे बैठक होती. इव्हेंटवाला मुलगा आला होता, अतिशय नम्र. आम्हा मोठ्यांना नीट वाचता यावं म्हणून त्याने लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून आणलं होतं. मेकअपवाली पहाटे येते तिथपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत मिनिटामिनिटाचा हिशोब. गौरीहर, मग फोटो, मग मामा मुलीला बोहल्याकडे आणणार, ते दोनदा, कारण पहिल्यांदा कॅमेरा मागे असणार. मंगलाष्टकं आटोपशीर. आणि एका रकान्यात लिहिलं होतं, '१२.०५ ते १२.१२ : वडील-मुलगी भावुक क्षण'. तो वाचत होता, दादा मान डोलावत होता. आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिने ते कागद मागून घेतले, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचले आणि विचारलं, "बाळा, ह्यात नवरी जेवते कधी?"

तो म्हणाला, "आजी, पंगत एक वाजता आहे." "पंगत दिसली मला. मी नवरीचं विचारतेय." कोणीतरी हसलं. दादा म्हणाला, टाकू की कुठेतरी. वहिनीने चहाचे कप पुढे केले आणि बोलणं फुलांच्या सजावटीकडे गेलं. मी मात्र आत्याकडेच बघत राहिले. तिने कागद नीट घडी करून टीपॉयवर ठेवले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

आत्याचं लग्न आमच्या घरात 'पानशेतचं लग्न' म्हणून ओळखलं जातं. १९६१ साली ज्येष्ठ अधिक आला होता, त्यामुळे त्या वर्षीचे मुहूर्त पुढे ढकलले गेले, आणि चातुर्मास लागायच्या आत कार्य उरकायचं म्हणून आजोबांनी जुलैतली तारीख धरली. बारा जुलैच्या बुधवारी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीचं पाणी पुण्यात शिरलं, पुढचं पुणेकराला सांगायला नको. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. तारीख चार दिवसांवर आलेली, माजघरात लाडवांचे डबे रचलेले, रुखवताची साखरेची देवळं वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलेली. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. हे लग्न ते इतक्या वेळा आणि इतक्या रंगात येऊन सांगत, की त्यातली वाक्यंसुद्धा आम्हा भावंडांना पाठ आहेत. पाणी जोत्यावर आलं तेव्हा आजी शालूची ट्रंक घेऊन वरच्या मजल्यावर गेली, पाणी जिन्यावर आलं तेव्हा ट्रंक तिथेच टाकून सगळे मागच्या बोळातून पळाले. लाडवांचे डबे एकामागून एक दारातून बाहेर निघाले आणि ओंकारेश्वराच्या दिशेने गेले. दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतात तर वाड्याची नदीकडची भिंत नव्हती, आणि साखरेच्या देवळांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या होत्या.

तरीही लग्न झालं. सदाशिव पेठेत मावशीआजीच्या वाड्यात, ठरल्या दिवशी, ठरल्या मुहूर्तावर. वीज नव्हती. खडकवासला धरणही फुटलेलं, म्हणून नळाला पाणी नव्हतं. वाड्यातली विहीर बरीच वर्षं कोणी वापरत नव्हतं, ती उपसली. मिरजेहून वऱ्हाड आगगाडीने आलं आणि स्टेशनापासून चालत आलं. नवरदेवाच्या हातात पेट्रोमॅक्स होता, धोतर पोटरीपर्यंत चिखलाने माखलेलं. भटजींची पोथी भिजलेली, तिची पानं दोरीवर वाळत घातली होती, आणि वाऱ्याने एक पान उडालं म्हणून मंगलाष्टकांतलं एक कडवं त्यांनी पाठ होतं तेवढंच म्हटलं. मठ्ठा-जिलबी-मसालेभाताच्या जागी पिठलं-भात. इथे बाबा नेहमी थांबत, सगळ्यांकडे एकदा बघत आणि मांडीवर थाप मारून म्हणत, "पण मुहूर्त नाही चुकू दिला!"

ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली गेली. आत्या प्रत्येक वेळी तिथे असायची. हसायचीही.

त्या बैठकीनंतर आत्याला कोथरूडला सोडायला मी निघाले. म्हात्रे पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. तिथे मी तिला विचारलं, जेवणाचं का विचारलंस गं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी मला कोणी वाढलंच नाही." ती चिडून बोलत नव्हती. ती सांगत होती की मावशीच्या वाड्यात त्या आठवड्यात ज्याचं घर गेलं तो प्रत्येकजण जेवत होता, आणि ते बरोबरच होतं. आधी त्यांच्या पंगती झाल्या, मग वऱ्हाडाची, मग विहिणींची. पातेलं खरवडायच्या वेळेला नवरा-नवरी लक्ष्मीपूजनाला बसले होते. अंगावर शेजारणीची हिरवी इरकल, पोलकं सैल म्हणून पाठीवर पाच-सहा टाचण्या लावलेल्या, त्यातली एक सप्तपदीच्या वेळी उघडली आणि शेवटपर्यंत टोचत राहिली. "टोचतंय म्हणून सांगायला वळले असते तर सगळे म्हणाले असते, हिचं काय चाललंय. लोकांची घरं गेली होती गं."

आणि मग तिने ते सांगितलं, जे बाबांच्या गोष्टीत कधीच नव्हतं. बोळातल्या पलीकडच्या वाड्यातली तिची मैत्रीण, दोघी बरोबर हुजूरपागेच्या शाळेत जायच्या. त्या मैत्रिणीच्या आईचा पत्ता लागलेला नव्हता. ती मैत्रीण लग्नाला आली होती. बायकांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती, आणि अंतरपाट दूर झाल्यावर तिनेही अक्षता टाकल्या. "मला थांबवायचं होतं सगळं. कार्तिकात करा म्हणायचं होतं. पण मुहूर्त गेला तर स्थळ जाईल, म्हणून आई रडत होती. मग मी कोणाला सांगणार?" पुढे ती मैत्रीण कुठे गेली, असं मी विचारलं. "पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या निसेन हटमध्ये राहायला गेली. मी मिरजेला. पत्र काय लिहायचं ते कळेना, म्हणून लिहिलं नाही." गाड्या सुटल्या, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि कर्वे रस्ता येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो.

मला बाबांचा राग आला नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे. चिखलाच्या त्या आठवड्यात अकरा वर्षांच्या मुलाने घराची भिंत पडलेली पाहिली, आजीला रस्त्यावर बसून रडताना पाहिलं, आणि मग एका संध्याकाळी पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळी माणसं पहिल्यांदा हसली. त्याने ती संध्याकाळ घट्ट धरून ठेवली. त्याची गोष्ट खरी आहे. पण त्याच खोलीत, त्याच उजेडात, दहा फुटांवर दुसरी एक गोष्ट उभी होती. ती साठ वर्षं कोणी विचारली नाही, कारण पहिली फार छान रंगायची. फसलेल्या लग्नांच्या आठवणी घरात ज्याला सांगता येतात त्याच्या होऊन जातात. ज्याच्या अंगावर तो दिवस पडला, त्याला हसायला बसवलं जातं.

लग्नाची घडी मुद्दाम मोडणारी माणसं ह्याच शहरात होऊन गेली. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला निघाला आणि तीन महिन्यांत, २५ डिसेंबरला, सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च जवळजवळ नाही. आपण ह्या लग्नाचा विचार भटजी नव्हते ह्या अंगानेच करतो. मला आत्याशी बोलल्यापासून दुसरंच काही आठवतंय. जोतीरावांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते. आम्हा बायकांना स्वातंत्र्य कसं असतं ते ठाऊकच नाही, तेव्हा स्त्रीचे हक्क देईन अशी शपथ घे, असं ती वराला सगळ्यांच्या देखत म्हणते, आणि मग वर उत्तर देतो. इतर मंगलाष्टकांत गणपती येतो, नद्या येतात, तारे-ग्रह येतात, मामा-काका आपापल्या आवाजात नावं गुंफतात, आणि जिचं लग्न आहे ती पाटावर खाली बघून उभी असते. दीडशे वर्षांपूर्वी कोणाला तरी हे खटकलं आणि त्याने तिच्या तोंडी शब्द घातले.

वीस वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. आठव्या वर्षी वैधव्य आलेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली ती मुलगी. मुरुडकरांनी ह्या लग्नापायी कर्व्यांवर बहिष्कार घातला, हे शाळेच्या पुस्तकात असतं. अण्णांचं धाडस आपल्याला तोंडपाठ आहे, आणि ते होतंच. पण एकदा नशिबाने कपाळ पांढरं केलेल्या मुलीने पुन्हा कुंकू लावून त्या गावात पाऊल टाकणं, तिथल्या बायकांच्या नजरा झेलणं, हे धाडस कोणाचं? लग्नानंतर आनंदीबाई झालेल्या गोदूबाईंनी, सगळ्यांच्या बायांनी, उतारवयात आपली हकीकत स्वतः सांगितली. म्हणून ते लग्न दोन्ही बाजूंनी आपल्यापर्यंत पोचलं. किती थोड्या लग्नांचं असं झालं असेल.

आमचं स्वतःचं लग्न १९९६ चं, नोंदणी पद्धतीचं. जाती वेगळ्या. दोन्ही घरांत विरोध नव्हता, उत्साहही नव्हता. १९५४ च्या कायद्याप्रमाणे नोटीस दिली, ती तीस दिवस फलकावर लागली, ओळखीतल्या एकाने ती वाचून आमच्या बाबांना फोनही केला. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघे हजर होते. तिसरा, नवऱ्याचा मावसभाऊ, कोल्हापूरहून एसटीने येत होता आणि एसटी खंबाटकी घाटात अडकली होती. बोगदा तेव्हा व्हायचा होता. मोबाइल नव्हते. साहेब साडेबाराला उठणार, असं शिपायाने दोनदा येऊन सांगितलं. आमच्यामागे बाकावर आणखी एक जोडपं होतं, त्यांच्याबरोबर मित्रांचा घोळका. त्यातला एक मुलगा उठून आला आणि म्हणाला, आमच्याकडे साक्षीदार जास्तीचे आहेत, मी करतो सही. खिशातून पेन काढलं, टोपण दातात धरलं, आणि लफ्फेदार सही ठोकली. शाईचा एक थेंब पडला, तो त्याने बोटाने टिपला. सही झाल्यावर मला म्हणाला, "वहिनी, नाव काय तुमचं?" आमच्या विवाहाच्या दाखल्यावर त्या मुलाचं नाव आहे. तो पुन्हा कधीच भेटला नाही. मावसभाऊ तीन वाजता आला, हातात वाटेत घेतलेले कंदी पेढे.

ही गोष्ट मी रंगवून सांगते. बाबांच्या पानशेतइतकीच आता तीही घरातल्यांना पाठ आहे.

आईने मात्र खूप वर्षांनी, रुग्णशय्येवर असताना, एका दुपारी सहज सांगितलं की त्या दिवशी तिच्या पिशवीत मुंडावळ्या होत्या. तुळशीबागेतून मोत्यांच्या आणलेल्या, दोन. कार्यालयातल्या त्या व्हरांड्यात ती पूर्ण वेळ पिशवी पोटाशी धरून उभी होती. "बांधू का, असं विचारावं वाटत होतं. पण तुम्ही सगळे शिकलेले, तुम्हाला तसलं नको होतं. मग साक्षीदाराची पळापळ सुरू झाली. राहूनच गेलं." माझ्या गोष्टीत आई आहे, पण ती फक्त "आई बिचारी घाबरली होती" एवढ्या वाक्यात आहे. मुंडावळ्यांचं काय केलंस, असं मी विचारलं. दादाच्या लग्नात वापरल्या, म्हणाली, मोती चांगले होते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न २०२१ च्या एप्रिल अखेरीचं. नवे नियम नुकतेच आले होते: पंचवीस माणसं, दोन तासांत सगळं आटपायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. सोसायटीत सगळे हळहळले. हॉल ठरलेला, साड्या घेतलेल्या, आणि शेवटी पार्किंगच्या कडेला छोटा मांडव, मास्क लावलेले भटजी, सॅनिटायझरचा वास झेंडूच्या वासात मिसळलेला. जिन्यात उभं राहून आम्ही वरूनच अक्षता टाकल्या. परवा ती माहेरी आली होती, मुलगा आता चालतो. मी तिला विचारलं, तुला त्या दिवसाचं काय आठवतं. मला वाटलं होतं ती वाईट वाटल्याचं सांगेल. ती म्हणाली, "मला ते फार आवडलं होतं, काकू. कोणी बघत नव्हतं. मी दोनदा भात घेतला." आणि मग लगेच, आवाज बदलून, "पण पंचवीस जणांची यादी मी केली होती. आईला जमेना, बाबा दुसऱ्या खोलीत निघून गेले, म्हणून मी पेन घेतलं. आजीचं नाव मी खोडलं. तिच्याच काळजीपोटी खोडलं, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोस व्हायचे होते. ती अजून सगळ्यांना सांगते की नातीने मला लग्नाला बोलावलं नाही." मुलगा आमच्या चपलांच्या स्टँडमधल्या चपला एकेक करून बाहेर काढत होता, ती त्या परत ठेवत होती आणि बोलत होती. लोक तिच्या लग्नाला 'कोविडमधलं बिचारं लग्न' म्हणतात. तिच्या स्वतःच्या हिशोबात ते एकाच वेळी सुखाचं आहे आणि न फिटलेलं आहे, आणि ह्यातलं एकही लोकांनी समजून घेतलेलं नाही.

भाचीला मी आत्याचं सगळं सांगितलं. ती त्याच संध्याकाळी कोथरूडला गेली, रात्री उशिरापर्यंत तिथेच होती. आता तिने वेळापत्रकातला भावुक क्षण काढून टाकायला सांगितलं आहे आणि मामाने एकदाच आणायचं असा हट्ट धरला आहे. दादा नाराज आहे. त्याचंही मला कळतं. मुलीचा हात धरून उभं राहायला त्याला ती सात मिनिटं हवी होती, आणि कागदावर लिहिल्याशिवाय ती मागता येतील असा त्याचा स्वभाव नाही. बाप-लेक दोघंही मला फोन करतात. मी दोघांचं ऐकते.

ह्या सगळ्यात राहिल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांचं लग्न ११ डिसेंबर १९६७ चं, कऱ्हाडजवळच्या गावातलं. पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी, छपराखाली जायला कोणी तयार नाही म्हणून, मोकळ्या शेतात गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. सासरे ती गोष्ट सांगायचे: जमीन हलली तेव्हा पुण्याचं वऱ्हाड जानवशातून पांघरुणांसकट बाहेर कसं पळालं, नवरी कशी रडून रडून लाल झाली होती, आणि पडक्या घरातून देवक कसं मामाने जिवावर उदार होऊन बाहेर आणलं. काल सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, आई, बाबांची गोष्ट मला माहिती आहे, तुम्ही तुमची सांगा.

"आता कशाला?" म्हणाल्या. चार-सहा काड्या निवडल्या. मग मान वर न करता सुरू झाल्या. "पहिलं म्हणजे मी रडत नव्हते. भांडत होते."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी. देवक आत राहिलं होतं. त्याच्याशिवाय पुढचं काही होईना. धक्के येतच होते, कौलं घसरत होती, आणि पुरुषमाणसं अंगणात उभी राहून कोणी जायचं ते ठरवत होती. माझं एवढंच म्हणणं होतं की ठरवत काय बसलाय. शेवटी गेले मी आत. हळदीच्या साडीत. देवघरात अंधार, फडताळ आडवं पडलेलं, त्याच्यावरून चढून गेले. देवकाचं सूप डोक्यावर धरून आणलं बाहेर. एक सुपारी तेवढी पडली, ती धाकट्या बहिणीने उचलली. दारात मामाने माझ्या हातातून ते सूप घेतलं आणि बोहल्यापर्यंत नेलं, म्हणून सगळ्यांनी त्याला पाहिलं." त्यांनी मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "मामाने नाही आणलं. मी आणलं. आणि तू ते कुठेतरी लिहितेस ना, तर तसंच लिही."